एकाच खर्चात

लग्नसराई सुरू झाली की सोमेश्वरच्या खोलीवर गॅस पेटायचा बंद व्हायचा. बीडमधली ती पत्र्याची खोली त्याने आणि परमेश्वरने मिळून घेतली होती. दोघेही माजलगावकडचे, दोघेही बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मेसचा डबा एकच लावलेला आणि तो दोघांत. सोमेश्वरला लॅपटॉप घ्यायचा होता, जुना का असेना, आणि त्यासाठी घरी तोंड उघडायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. म्हणून तो कॉलेजला पायी जायचा, पुस्तकं ग्रंथालयातून आणायचा, केस गावी गेल्यावर कापायचा आणि चहा कुणी पाजला तरच प्यायचा. एवढं करूनही महिनाअखेरीला हातात फारसं काही उरत नसे, कारण खायला लागायचंच.

त्यावर परमेश्वरने तोड काढली. कॅलेंडरवर लग्नतिथी बघायच्या, इस्त्रीचे शर्ट घालायचे आणि दुपारी कुठल्याही मंगल कार्यालयात शिरायचं. वाढणारे आग्रह करकरून वाढतात, कोण कुणाचा हे कुणालाच ठाऊक नसतं. सोमेश्वर पहिल्या दिवशी लाजेने अर्धपोटी उठला होता. तिसऱ्या लग्नापर्यंत त्याची भीड चेपली. तरी त्याने स्वतःपुरते दोन-चार नियम घालून घेतले होते. पानात काही टाकायचं नाही, अक्षता टाकल्याशिवाय निघायचं नाही आणि कुणी विचारलंच तर खोटं सांगायचं नाही. आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं.

मे महिन्यातल्या त्या दुपारी दोघे शहराबाहेरच्या एका कार्यालयात गेले. ऊन असं की चपलेतून चटका लागत होता. दारावर कापसाच्या अक्षरांत नावं लावली होती, दिपाली आणि तानाजी. आत मंडपभर कूलर घरघरत होते आणि माइकवरचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता की सुंदरराव थोड्याच वेळात पोचत आहेत, ते आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत, तोवर मंडळींनी जेवून घ्यावं. सुंदरराव कोण हे सोमेश्वरलाही माहीत होतं. ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणारे मोठे मुकादम, त्या भागातले पुढारी, दोन-चार निवडणुका लढलेले. लग्नाचा मुहूर्त त्यांच्या गाडीवर अवलंबून राहावा यात कुणालाही नवल वाटत नव्हतं.

बुंदी गरम होती. वांग्याच्या भाजीला तर्री चांगली होती. परमेश्वरने मठ्ठ्याचे तीन ग्लास रिचवले. हात धुऊन दोघे मागच्या खुर्च्यांवर येऊन बसले तेव्हा एक बाई अक्षतांचं ताट फिरवत होती. सोमेश्वरने मूठभर घेतल्या आणि समोर पाहिलं. नवरी स्टेजवर येत होती, मामा तिला धरून आणत होता. तिच्या मागोमाग आणखी एक नवरी आली. तिच्याही कपाळाला मुंडावळ्या, अंगावर पिवळी साडी, अंगभर हळद.

"दोन नवऱ्या हायेत का?" सोमेश्वरने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

म्हातारा खुशीत होता. त्याने सगळं समजावून सांगितलं. शहादेवच्या या दोघी पोरी. थोरलीचं तानाजीशी ठरलं, मग तानाजीचा धाकटा भाऊ म्हाळू मोकळा होता, तर म्हटलं धाकटीचंही उरकून टाकू. मांडव एक, स्वयंपाक एक, भटजी एक. गरिबाच्या घरात दोनदा खर्च कुठून यायचा. धाकटीचं नाव पत्रिकेत टाकलं नाही एवढंच, कारण आजकाल ग्रामसेवक लई विचारपूस करतात. म्हणून तर गावात मांडव न घालता इथं बीडला आले. हॉल सुंदररावांनी मिळवून दिला. दोन्ही जोड्या दिवाळीनंतर त्यांच्याच टोळीत जाणार आहेत.

सोमेश्वर ऐकत होता, पण शहादेव हे नाव ऐकल्यापासून त्याची नजर त्या दुसऱ्या नवरीवर खिळली होती. ती मान खाली घालून उभी होती. कुणीतरी तिच्या मुंडावळ्या सारख्या करायला पुढे झालं, तिने तोंड वर केलं आणि सोमेश्वरच्या हातातल्या अक्षता खाली सांडल्या.

ती करिष्मा होती.

दोन हंगामांपूर्वी सोमेश्वरने एका संस्थेकडून नांदूरघाटजवळच्या एका गावात काही महिने शिकवलं होतं. आईबाप ऊस तोडायला गेले की मागे राहणाऱ्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं, तिथे तो संध्याकाळी गणित घ्यायचा. करिष्मा तेव्हा आठवीत. ती उदाहरण सोडवून झालं की वही उलटी ठेवायची, शेजारणीला उत्तर दिसू नये म्हणून. वर्गात हसू आवरत नसे तिला. त्या हिशेबाने ती आता नुकती नववी होऊन दहावीत जाणार होती. पंधरा वर्षांची पोर, आणि अंगावर एवढी जड साडी.

तिनेही त्याला पाहिलं. ओळखलं. पण तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. शाळेच्या वाटेवर सर दिसले तर बघावं तसं बघितलं आणि मान पुन्हा खाली घातली.

"चल बे," परमेश्वर दबक्या आवाजात म्हणाला. त्यालाही म्हाताऱ्याचं बोलणं ऐकू गेलं होतं. "आपलं काय काम हाय इथं. जेवलो, झालं. उगं फुकटच्या लग्नात पोलीस-बिलीस नको."

सोमेश्वर उठला, पण बाहेर येऊन रस्त्याला न लागता कार्यालयाच्या मागे टँकर उभा होता तिथे गेला. त्या वसतिगृहाच्या भिंतीवर मुलांच्या मदतीचा नंबर रंगवलेला होता, दहा-अठ्ठ्याण्णव. तो त्याने लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं, कार्यालयाचा पत्ता, मुलीचं नाव, वय कशावरून माहीत. माणसं निघतात म्हणाल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही तिथं कोणत्या नात्याने आलेले आहात?"

 मी तिला शिकवलंय, एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले. फटाक्यांची माळ लागली. सुंदरराव आले होते. सोमेश्वर धावत आत गेला तेव्हा त्यांना फेटा बांधून झाला होता, दोन्ही जोड्यांच्या मधे अंतरपाट धरले होते आणि भटजींनी माइक हातात घेतला होता. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं. लोकांनी अक्षता फेकायला सुरुवात केली. बीडच्या रस्त्यांवरून गाडी यायला किती वेळ लागेल याचा त्याला अंदाज नव्हता, पण मंगलाष्टकं किती वेळात संपतात हे इतकी लग्नं जेवल्यावर त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही की तो खुर्च्यांमधून स्टेजपर्यंत कसा गेला. पायऱ्या चढल्याचं आठवत नव्हतं. भटजींच्या समोर उभा राहून आपण "थांबा" म्हणालो आणि ते माइकवर सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, एवढं आठवत होतं. भटजी थांबले. बँडवाल्यांना वाटलं संपलं, त्यांनी वाजवायला घेतलं आणि कुणीतरी हात करून त्यांना गप्प केलं. मग सगळा मांडव गप्प झाला. कूलर तेवढे घरघरत राहिले.

सुंदरराव सोफ्यावरून उठले नाहीत. आवाजही चढवला नाही त्यांनी.

"कुणाकडचा रे तू, पोरा? मुलीकडचा का मुलाकडचा?"

सोमेश्वर उत्तर द्यायला वळला. तेवढ्यात गर्दीतून शहादेव पुढे आला. नवा पांढरा सदरा, डोक्याला टोपी, डोळे जागरणाने लाल. त्याने सोमेश्वरकडे निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"सर तुमी?" तो म्हणाला. मग सुंदररावांकडे वळून हात जोडले. "मालक, हे आमच्या पोरीचे सर हायेत. मीच बोलावलंय त्यांना. उन्हातून आलेत, कायतरी झालं आसंल. या सर, बसा, पाणी घ्या."

सोमेश्वरला वाटलं, या माणसाने आपल्याला थोबाडीत मारली असती तरी सोपं गेलं असतं. त्याने बोलावलेलं नव्हतं. हे त्यालाही माहीत होतं आणि सोमेश्वरलाही. चारचौघांत सरांची लाज जाऊ नये म्हणून स्वतःच्या पोरींच्या लग्नात, स्वतःच्या मुकादमासमोर, तो बिनदिक्कत खोटं बोलला होता. आता नुसतं पाणी पिऊन खाली बसायचं होतं.

"न्हाई," सोमेश्वर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "यांनी मला बोलावलेलं न्हाई. मी कुणाकडचाच न्हाई. मी फुकट जेवायला आलतो. पण करिष्मा पंधरा वर्षांची हाय. तिचं लग्न लावता येत न्हाई. मी फोन केलाय."

मांडवात आधी कुणीतरी हसलं. मग बायकांमधून कुजबुज उठली. नवरदेवाच्या बाजूचे दोघे-तिघे स्टेजवर चढले, एकाने सोमेश्वरची कॉलर धरली, शर्टाचं बटण तुटलं. जेवलास आमचं आणि आमच्याच पोरांच्या लग्नात माती कालवतोस, असं तो म्हणत होता आणि ते खोटं नव्हतं. शहादेव जागच्या जागी उभा होता. त्याचे जोडलेले हात तसेच होते, सोडायचे विसरून गेल्यासारखे. करिष्माच्या आईने, भिवराबाईने, पोरीला मागून मिठी मारली होती आणि ती सोमेश्वरकडे असं बघत होती की त्याने नजर फिरवली.

पोलिसांची गाडी आली तेव्हा सोमेश्वरच्या ओठातून रक्त येत होतं. गाडीतून दोन पोलीस आणि बालकल्याणच्या एक बाई उतरल्या. आणि मग असं घडलं की सोमेश्वर ओठ पुसायचंही विसरून बघत राहिला. सुंदरराव सोफ्यावरून उठले, भटजींच्या हातातून माइक घेतला आणि समजूतदार आवाजात बोलू लागले. बालविवाह हा समाजाला लागलेला कलंक आहे. आपल्याला आत्ताच, इथे आल्यावर कळलं की धाकट्या मुलीचं वय भरलेलं नाही. आपण हे लग्न ताबडतोब थांबवत आहोत आणि प्रशासनाला पूर्ण सहकार्य करणार आहोत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याने कॉलर धरली होती त्यानेही वाजवल्या.

बाईंनी दोघींचीही चौकशी केली. दिपालीचं आधार कार्ड दाखवलं गेलं, त्यावर वय भरत होतं. तिचं लग्न लागलं. करिष्माची हळद पुसून तिला गाडीत बसवलं आणि शहादेवला सोबत घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सुंदररावांचा फेट्यातला फोटो होता, खाली बातमी होती की त्यांच्या पुढाकाराने बालविवाह रोखला गेला. परमेश्वरने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि हसता हसता थांबला, कारण सोमेश्वर हसत नव्हता. त्या दिवसापासून दोघांनी लग्नं बंद केली.  परमेश्वरनेच संध्याकाळी गॅस पेटवून खिचडी टाकली.

सोमेश्वरला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. करिष्माला बालकल्याण समितीसमोर नेलं, आईबापांकडून लेखी हमी घेतली आणि घरी सोडलं, हे त्याला बालकल्याणच्या बाईंकडून कळलं. जूनमध्ये एका रविवारी तो नांदूरघाटची एसटी धरून तिच्या गावी गेला. शहादेवची माफी मागायची होती. फुकट जेवल्याची आणि भर मांडवात त्याला खोटं पाडल्याची.

शहादेव घरी नव्हता. भिवराबाईने बाज टाकली, पाणी दिलं आणि ती भिंतीला टेकून बसली. करिष्मा आतून आली. साधा ड्रेस, वेणी घातलेली, हाताच्या नखांवर मेंदीचा लाल अर्धचंद्र अजून शिल्लक. सोमेश्वरने शाळा कधी सुरू होते असं काहीतरी विचारलं. 

"सर, ते लग्न मला चाललं असतं," ती म्हणाली.

सोमेश्वरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मीच हो म्हणलेलं. आईला विचारा. दादांनी दोनदा विचारलं मला, मी दोनदा हो म्हणलं."

"कावून?"

ती दाराकडे बघत बोलत राहिली, धडा म्हणून दाखवावा तशी सरळ आवाजात. गेल्या हंगामात वसतिगृह निघालंच नाही. आई, दादा म्हणजे तिचे वडील, आणि दिपालीताई कारखान्यावर गेले, शाळा बुडू नये म्हणून ती एकटी मागे राहिली. चुलतीचं घर पलीकडच्या गल्लीत, ती जेवायला द्यायची, पण झोपायला करिष्मा इथेच. अंधार पडला की कुणीतरी दाराची कडी वाजवायचं. रोज नाही, मधेच. ती आतून पेटी दाराला लावून त्या पेटीवर बसून राहायची. सकाळी शाळेत जायची. कोण होतं ते तिने कधी बघितलं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर गावाने तिलाच नाव ठेवलं असतं. यंदा ते पुन्हा जाणार, ताईही सासरी, आणि ती पुन्हा तशीच एकटी. म्हाळूशी लग्न झालं असतं तर निदान ताईसोबत फडावरच्या एका कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, राहिली असती, ऊस तोडायला लागला असता तरी.

"तुमी लग्न थांबवलं, बरं केलं," ती म्हणाली. "पण दिवाळीनंतर मी कुठं राहू, ते सांगा आता."

भिवराबाईने पदर तोंडाला लावला. तिलाही हे आत्ताच कळत होतं, हे सोमेश्वरच्या लक्षात आलं.  कार्यालयात धाडस करून आपण मोठं काही केलं असं इतके दिवस त्याच्या मनात होतं, पेपरात आपलं नाव नव्हतं याचा थोडा सलही होता. आणि ही पोर सगळा हंगाम पेटीवर बसून काढत होती, तेव्हा तो बीडमध्ये कुठलं कार्यालय बुंदी चांगली करतं याच्या गप्पा मारत होता.

त्याने तिला तिथे काही वचन दिलं नाही. देण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. पण पुढचा महिनाभर तो कॉलेज सुटल्यावर वसतिगृहाच्या मागे लागला. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवायची तर आधी शाळा बदलायची, त्याला दाखले, दाखल्यांना तालुक्याला, केजला फेरी, सही करणारे साहेब रजेवर, मग पुन्हा फेरी. बालकल्याणच्या त्या बाईंनी मनापासून मदत केली, परमेश्वरने दोन खेपा घातल्या. लॅपटॉपसाठी ठेवलेले पैसे एसटीच्या तिकिटांत आणि झेरॉक्सच्या दुकानात जाताना सोमेश्वरने पाहिले आणि त्याला त्याचं फार काही वाटलं नाही. जुलै सरता सरता बीडमधल्या एका वसतिगृहात करिष्माला जागा मिळाली.

तिला सोडायला शहादेव आला. लग्नानंतर तो आणि सोमेश्वर पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. शहादेवने रामराम केला आणि पोरीची पिशवी उचलली. करिष्माने खोली पाहिली, दाराची कडी आतून लावून पाहिली, उघडली, पुन्हा लावून पाहिली. मग बाहेर येऊन वडिलांच्या पाया पडली आणि आत निघून गेली.

दोघे बसस्टँडपर्यंत पायी आले. सोमेश्वरने वाटेत माफी मागितली. शहादेवने ऐकून घेतली. सुंदररावांनी यंदा हंगामाची आगाऊ उचल द्यायला नाही म्हटलं, आपण दुसऱ्या टोळीबरोबर कर्नाटकात जाणार, एवढं त्याने सांगितलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. नांदूरघाटची गाडी लागली. शहादेव चढला, खिडकीशी बसला आणि बाहेर उभ्या सोमेश्वरकडे न बघता म्हणाला, "दिपालीला तिकडं लई बोलणं खावं लागतंय. धाकटीनं नाक कापलं म्हणून तिला बोलतेत."

सोमेश्वर खिडकीजवळ सरकला. दिपालीचा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता.

"तिचंबी वय भरलेलं नव्हतं, सर," शहादेव म्हणाला. "कारडावरची तारीख बदलून घेतलेली. सतरावं चालू हाय तिला. तुमी तिचं इचारलंच न्हाई."

कंडक्टरने घंटी दिली. सोमेश्वरच्या कानात नुसता इंजिनाचा आवाज भरून राहिला. त्याच मांडवात, त्याच स्टेजवर, करिष्माच्या शेजारी ती उभी होती. पोलीस होते, बाई होत्या, तो होता. सगळ्यांच्या देखत तिचं लग्न लागलं होतं.

गाडी हलली तेव्हा तो भानावर आला आणि खिडकीबरोबर धावू लागला. तानाजीचं गाव कोणतं, असं तो विचारत होता. शहादेव समोर बघत होता. गाडी फाटकातून वळताना त्याने मान बाहेर काढली आणि गावाचं नाव सांगितलं.